श्वासानंदांच्या दोन बरण्या

गुरुवारी सकाळी आठ वाजता ठाण्याच्या मीठबंदराकडच्या मोकळ्या जागेवर सात-आठशे माणसं एका मुलीच्या थुंकीकडे डोळे लावून उभी होती. वाचून किळस आली असेल तर चांगलंच आहे. आम्हाला त्या दिवशी ती आली नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मांडवात चौरंगावर श्वासानंद महाराज बसले होते. भगवी कफनी, तेल लावून चापलेली दाढी, बोटांत तीन अंगठ्या. पुढ्यात पाटावर काचेच्या दोन मोठ्या बरण्या होत्या, हलवाई शेव-बुंदी ठेवतो तसल्या. डावीचं नाव कर्मकुंड, उजवीचं कृपाकुंड. दोन्हींत पाणी होतं. रोग्याने पहिल्या दिवशी खाकरून छातीतला कफ डाव्या बरणीत टाकायचा. तो बुडायचा आणि महाराज गरजायचे, "बघा, पाप कसं जड आहे!" मग अकरा दिवस दोन वेळा महाराजांच्या धुपाटण्यातला धूर नाकातोंडाने ओढायचा. बाराव्या दिवशी कफ उजव्या बरणीत टाकायचा. तो तरंगायचा.

नियम एकच होता आणि तो कडक होता. ज्याचा कफ कृपाकुंडात तरंगला, त्याने कर्मकुंडाकडे पुन्हा वळायचं नाही. वळला तर रोग परत चिकटतो म्हणे.

त्या दिवशी बारावा दिवस माझ्या बहिणीचा होता. शुभदा पुढे झाली, पदर तोंडाशी धरून खोकली आणि उजव्या बरणीत वाकली. हिरवट पिवळा गोळा पाण्यात पडला, हलला, आणि वरच राहिला.

"श्वासानंद महाराज की..." कोणीतरी ओरडलं.

"जय!" आम्ही ओरडलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

महाराजांनी हात वर केला. "डॉक्टर काय करतो, बाळांनो? सुई टोचतो. सुई जाते कातडीत आणि रोग बसलाय श्वासात! श्वासात दूत पाठवावा लागतो. धूर हा माझा दूत. तो आत जातो आणि रोगाला म्हणतो, ऊठ. रोग म्हणतो, उठतो, महाराजांचा शब्द मोडवत नाही. मग तो वजन टाकून देतो. वजन टाकलं की काय होतं?"

"तरंगतो!" सातशे माणसं म्हणाली.

धुराने रोगाला काय विचारलं आणि रोगाने काय उत्तर दिलं, हे महाराजांना कोणत्या टपालाने कळलं, असं विचारणारा त्या सातशेंत एकही नव्हता. महाराजांनी उलट माझ्याकडे बोट केलं.

"हे ताम्हाणे मास्तर. या मुलीचे सख्खे भाऊ. हायस्कुलात विज्ञान शिकवतात. मी अडाणी फकीर आहे, मास्तर. तुम्हीच सांगा लोकांना, हे काय झालं?"

आणि मी सांगितलं. खडू नव्हता एवढंच. मी म्हणालो, "वस्तू बुडते, कारण तिची घनता पाण्याहून जास्त असते. तरंगते, कारण कमी असते. बारा दिवसांपूर्वी माझ्या बहिणीच्या कफाची घनता जास्त होती. आज ती कमी झाली आहे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

टाळ्या पडल्या. मला बऱ्याही वाटल्या.

मांडवातून निघताना एकाने माझी बाही धरली. सहदेव त्याचं नाव, गिरणीतला फिटर, राहायला कोपरीच्या चाळीत. शुभदासारखाच जुना खोकला आणि तिच्यासारखाच त्याचाही कफ त्याच दिवशी तरंगला होता. "मास्तर, मग आता डॉक्टरचं औषध सोडू ना? तुमी शिकलेली मानसं. तुमी सांगाल तसं."

"प्रयोग डोळ्यांसमोर झाला ना?" मी म्हणालो. "मग आणखी काय पाहिजे?"

हे सगळं १९५३ सालचं. आता शुभदाविषयी सांगतो.

ती चोवीस वर्षांची होती आणि मुलींच्या शाळेत प्राथमिकला शिकवत होती. सातव्या वर्षी तिला डांग्या खोकला झाला आणि त्याने फुप्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या सैल, रुंद करून ठेवल्या. त्यांत कफ साठे, कफात जंतू वाढत, त्याचा पू होई. रोज सकाळी उठल्यावर अर्धा तास ती मोरीपाशी वाकून खोकायची. सात औंस निघायचं. त्याला वास होता. वास तिच्या श्वासालाही होता आणि तिला तो माहीत होता, म्हणून ती माणसांशी बोलताना नेहमी थोडी बाजूला तोंड करून बोलायची. वर्गात खिडकीशी उभी राहून शिकवायची. तरी एक दिवस मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाईंनी तिला बोलावून अतिशय गोड शब्दांत सांगितलं की पालकांची कुरकुर आहे, तेव्हा दिवाळीपर्यंत गुण आला तर ठीक, नाहीतर रजा घ्यावी. त्या रजेला शेवट नसणार हे तिला कळलं.

औषध चालू होतं डॉक्टर विश्राम कर्णिकांचं. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली की आठ-दहा दिवस बरे जात आणि पुन्हा पहिले पाढे. तेव्हा डॉक्टर म्हणाले की औषध जिथे पू आहे तिथेच पोचवून पाहू, फवाऱ्याने, श्वासावाटे. रबरी फुगा दाबला की काचेच्या नळीतून धुक्यासारखं औषध निघे, ते तिने खोल ओढायचं.

"पण गुण येतो की नाही हे मला अजून माहीत नाही," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "म्हणून मी बारा जणांवर तपासून बघतोय. या दोन बाटल्या, क आणि ख. एकीत पेनिसिलिन आहे, दुसरीत नुसतं किंचित खारं पाणी. एक महिना क, एक महिना ख. रोज सकाळचा कफ या मापाच्या पेल्यात मोजायचा आणि वहीत लिहायचा. कशात काय आहे ते माझ्या मुंबईच्या प्राध्यापकांकडे पाकिटात बंद आहे. तुम्हाला चालेल का, ते विचार करून सांगा."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?" मी विचारलं. "डॉक्टर असून?"

"डॉक्टर असून. मला माहीत असलं तर मला नसलेली सुधारणाही दिसायला लागेल, मास्तर. आणि यांनाही."

शुभदाला ते पटलं. ती हौसेने मोजायची. क बाटलीचा महिना संपत आला तरी पेल्यात सातच औंस, कधी सहा, कधी आठ. दिवाळी जवळ येत होती. मी घरात चिडून म्हणायचो, "हा कसला डॉक्टर! आपल्या बाटलीत काय आहे तेच याला ठाऊक नाही." तिकडे मीठबंदरावर एक माणूस असा बसला होता की त्याला सगळं ठाऊक होतं, तारखेसकट.

आमच्यासारख्या घरांची एक खोड आहे. अंगात येणाऱ्या बाईला आम्ही हसतो. ताईत, गंडे, उतारे म्हटलं की नाक मुरडतो. पण कोणी काचेची बरणी ठेवली, पाणी ओतलं, आधी आणि नंतर अशी परीक्षा मांडली, की आम्ही चष्मा पुसून पुढे सरकतो. श्वासानंदाने आम्हाला बरोबर ओळखलं होतं. शुभदाने विचारलं, "दादा, बघू का जाऊन?" आणि मी म्हणालो, "निदान तिथे निकाल तरी दिसतो."

निकाल घरीही दिसू लागला होता. धूर घ्यायला लागल्यापासून सकाळचा कफ सातावरून चारावर आला आणि बाराव्या दिवशी दोन औंसांवर. पेला मीच उजेडात धरून पाहिला. शुक्रवारी शुभदा शाळेत गेली आणि मुलींच्या बाकांमधून फिरून शिकवून आली. महाराजांनी घरी ओढायला धुराची पुडी दिली होती, ती ती नेमाने जाळत होती.

रविवारी दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला. उजव्या बाजूला अशी कळ की श्वास अर्ध्यावर अडे. सोमवारी पहाटे मी मान खाली घालून कर्णिकांचं दार ठोठावलं. ते लगेच पिशवी घेऊन आले.

त्यांनी छाती तपासली, मग तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. "डोळे बघू. बाहुल्या केवढ्या झाल्यात! तोंड कोरडं पडतं?"

"हो," शुभदा म्हणाली.

"पुस्तकातली अक्षरं पुसट दिसतात?"

"चार दिवस झाले."

डॉक्टरांनी पुडी मागितली, हुंगली, बोटाने पसरली. "गुग्गुळ, ऊद, आणि ही वाळकी पानं धोतऱ्याची. मास्तर, धोतऱ्याच्या धुराने दम्याच्या माणसाची छाती घटकाभर मोकळी होते, हे खरं आहे. पण यांना दमा नाही. यांच्या नळ्यांत पू होतो, तो रोज बाहेर पडतो म्हणून या जगतात. धुराने तो सुकवला, चिकट केला. पेल्यात कमी दिसला तो आत कोंडला होता."

"पण डॉक्टर, कफ तरंगला!" मी अजूनही भांडतच होतो. "आधी बुडाला, नंतर तरंगला. मी स्वतः पाहिलं."

"कशात तरंगला?"

"पाण्यात."

"कशावरून पाणी?"

"दिसत होतं की!"

डॉक्टर कामाला लागले. शुभदाला पलंगावर पालथी घालून तिचं डोकं आणि छाती कडेखाली लोंबती केली, मी तिला धरली, आणि ते तिच्या पाठीवर ओंजळीने थापट्या मारू लागले. ती रडत होती, खोकत होती. मग जे निघालं त्याने खाली ठेवलेलं पातेलं अर्धं भरलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की दर तीन तासांनी येईन, दोन दिवस धोक्याचे आहेत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, दारात तुळसा आली. तुळसा मिठागरावर काम करणारी आगरी बाई, डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मीठ विकायची आणि शुभदाला लहानपणापासून ओळखायची. आत डोकावून ती म्हणाली, "गुर्जी, बायला काय झायला? बेस्तरवारी तं मांडवान उभी व्हती."

मी तिला थोडक्यात सांगितलं. धूर, बरणी, तरंगणं.

"उजवे बरनीन ना?" तुळसा म्हणाली. "त्यो पानी तं आमचे आगराचा हाय."

"काय?"

"म्हाराजांचा त्यो रघु येतो दर बुधवारी. दोन डबं भरून नेतो. साधा नाय, पिकलेला पानी, मीठ धराचे आधीचा. मी इचारला कशाला, तं बोलला म्हाराजांचे पाय शेकाला."

"पिकलेलं म्हणजे?"

"अंडं टाकाचा त्यान. अंडं वर आला का पानी पिकला. कफाचा काय घेऊन बसलाव, त्या पान्यान बटाटा पन वर येल."

"तुळसा, अगं, मग हे तू आधी कोणाला का नाही सांगितलंस?"

"मना कोनी इचारला?" ती म्हणाली. "तुमी तं तिथं भाषन करत व्हताव."

आठव्या इयत्तेला घनतेचा धडा असतो. गेली अकरा वर्षं मी तो एकाच पद्धतीने शिकवत आलो होतो. पेल्यात साधं पाणी, त्यात अंडं, ते बुडतं. मग चमच्याने मीठ घालत जायचं, ढवळायचं, आणि अंडं वर येतं. पोरं टाळ्या वाजवतात. अकरा वर्षं! आणि माझ्या समोर सातशे लोकांत तोच प्रयोग झाला तेव्हा मला तो ओळखता आला नाही. बुडणं-तरंगणं हे वस्तूवर असतं तितकंच पाण्यावर असतं. मी फक्त वस्तूकडे पाहिलं, कारण ती माझ्या बहिणीच्या छातीतून आली होती आणि ती हलकी व्हावी अशी मला आस होती. पाण्याकडे पाहायचं मला सुचलंच नाही. सुचू द्यायचं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

हे सगळं मी शुभदाला ऐकवलं. ती म्हणाली, "ताप उतरला की मला तिथे ने. मी जाणार."

बुधवारी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, पण बाहेर जायला आणखी आठवडा थांबवलं. मी एकटा जाऊ शकलो असतो. गेलो नाही. ज्या मांडवात टाळ्या घेतल्या तिथे कोणत्या तोंडाने उभा राहू, असं वाटत राहिलं. शुभदा बरी झाली की तिलाच पुढे करू, म्हणजे आपल्याला कमी बोलावं लागेल, हाही हिशेब मनात होता. तो इथे कबूल करतो.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही टांगा करून मीठबंदरावर गेलो. शुभदा शाल पांघरून, सोबत मी आणि तुळसा. गर्दी आधीपेक्षा वाढली होती.

"ये बाळ," महाराज प्रसन्न होऊन म्हणाले. "पुन्हा दर्शनाला आलीस?"

"नाही महाराज," शुभदा म्हणाली. "मला डाव्या बरणीत थुंकायचंय."

महाराजांच्या अंगठ्या चौरंगावर वाजल्या. "शुद्ध झालेल्याने कर्मकुंडाकडे वळू नये. रोग परत चिकटतो."

"तो गेलाच नव्हता, तर परत कुठून चिकटणार?" असं म्हणून ती खोकली आणि कोणी अडवायच्या आत डाव्या बरणीत वाकली. कफाचा गोळा सरळ तळाशी गेला. ती पुन्हा खोकली आणि उजव्या बरणीत वाकली. गोळा वर राहिला.

"अश्रद्धा!" महाराज ओरडले. "अश्रद्धेने जड झाला!"

"मग उजवीकडे का तरंगला?" शुभदाने विचारलं. तिला धाप लागली होती, पण तिने तोंड बाजूला वळवलं नाही. "एका बरणीकडून दुसरीकडे वळेपर्यंत माझी श्रद्धा परत आली का?"

तुळसाने कनवटीतून अंडं काढलं. लगेच पुढच्या रांगेतून आरडाओरड झाली, देवाच्या ठिकाणी अंडं चालणार नाही. भाजीची टोपली घेऊन दर्शनाला आलेली रंगूबाई म्हणाली, "मग ह्यो बटाटा घ्या," आणि दोन बटाटे पुढे केले. तुळसाने एकेक बटाटा एकेका बरणीत सोडला. डावीकडचा डुबकन बुडाला. उजवीकडचा डोकं वर काढून बसला.

मागून कोणीतरी म्हणालं, "त्या बटाट्याला कसला खोकला होता रे?" आणि पहिल्यांदा त्या मांडवात हसू फुटलं.

तुळसा पडद्यामागे गेली. रघु आडवा आला, तिने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि पत्र्याचा डबा ओढत बाहेर आणला. बोट बुडवून जिभेला लावलं. "आमचाच पानी. घ्या, चाखा ज्याला पायजे त्यानं."

मग माझी पाळी होती. मी सांगितलं की हे मिठागराचं पाणी आहे, साध्या पाण्यात बुडणाऱ्या पुष्कळ वस्तू त्यात तरंगतात, कफ पहिल्या दिवशीही तरंगला असता. आणि हेही सांगितलं की मागच्या वेळी मी इथे उभा राहून जे बोललो ते मूर्खासारखं बोललो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

पोपट नावाचा किराणा दुकानदार, महाराजांचा मुख्य भक्त, उसळून उठला. "मिठाचं पाणी, मिठाचं पाणी काय लावलंय! तुमचा तो कर्णिक डॉक्टर काय देतो? अर्धा टाइम तो पण मिठाचंच पाणी फवारतो. सगळ्या ठाण्याला माहीत आहे!"

लोकांनी माना डोलावल्या. उत्तर शुभदाने दिलं.

"देतात," ती म्हणाली. "आणि सगळ्या ठाण्याला माहीत आहे, कारण त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला तोंडावर सांगितलं. औषधाने काही फरक पडत नसेल तर ते कळावं म्हणून ते मिठाचं पाणी देतात. इथे ते कळू नये म्हणून देतात. त्यांच्या औषधाला हरायची सोय आहे, पोपटशेट. तुमच्या महाराजांना हरायची सोय कुठल्या बरणीत आहे?"

पोपट बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. केस भादरलेले. मी त्याला ओळखलं नाही.

"मी तानाजी. सहदेवाचा भाऊ," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "मास्तर, सहदेव गेला. शनवारी. ताप चढला, छाती भरली. डॉक्टरला बोलावू म्हनलं तर न्हाई म्हनला. म्हनला, मास्तरांनी सांगितलंय, प्रयोग झालाय."

चौरंगावरून महाराजांचा आवाज आला, "त्याने मागे वळून कर्मकुंडाकडे पाहिलं असेल."

"घरात निजून व्हता त्यो," तानाजी म्हणाला. "कुठं वळून बघनार?" आणि तो तिथेच जमिनीवर बसला. त्याने महाराजांना शिवी दिली नाही, मलाही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मग रंगूबाई आपल्या नवऱ्याला दंडाला धरून पुढे घेऊन आली. त्याचा कफ मागच्या महिन्यात तरंगला होता. "थुका डाव्या बरनीत," ती म्हणाली. तो थुंकला, गोळा बुडाला. तिच्यामागे दुसरा आला, तिसरा आला. कोणी न सांगता रांग लागली. बरे झालेले एकेक जण खाकरत होते आणि एकेकाचा कफ तळाशी जात होता. कोणी रडत होतं, कोणी नुसतं बरणीकडे बघत होतं. पोपटशेटची आई तीन आठवड्यांपूर्वी शुद्ध झाली होती. ती रांगेकडे निघाली तर पोपटने तिला हात धरून मागे ओढलं आणि घरी नेलं. रांग संपली तेव्हा चौरंग रिकामा होता. रघुही नव्हता.

महिन्याभरात बातमी आली की आंबिवलीला एक महाराज आले आहेत आणि ते आता नाडी बघून रोग गेल्याचं सांगतात. बरण्या नाहीत. तो धडा तेवढा त्यांनी घेतला. आमच्या आळीतलेही तिघं जाऊन आले.

शुभदाची वही डॉक्टरांनी बाद केली. धुराने मधले आकडे बिघडले होते. "पहिल्यापासून करावं लागेल," ते म्हणाले. "आणि पुन्हा सांगतो, गुण येईलच असं नाही." तिने पुन्हा दोन महिने मोजलं. पाकीट फुटलं तेव्हा कळलं की तिचा क महिना नुसत्या पाण्याचा होता आणि ख महिन्यात, पेनिसिलिनवर, सातचे तीन औंस झाले होते. वास बराच गेला. बारांपैकी सात जणांना फरक पडला, तिघांना काही नाही, आणि दोघांना चक्क मिठाच्या पाण्यानेच बरं वाटलं होतं. डॉक्टरांनी ते दोघेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहिले. मी विचारलं, मग शुभदा बरी झाली ना? ते म्हणाले, "कमी झालं. बरी झाली असं मी म्हणणार नाही. आणि बारा माणसं फार थोडी आहेत, शंभर पाहिजेत." प्रमोदिनीबाईंनी दिवाळीची मुदत वाढवून दिली होती; त्यांनी तिला ठेवून घेतलं. ती अजून रोज सकाळी अर्धा तास पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून खोकते, आणि मग शाळेत जाते.

श्वासानंद लबाड होता हे सांगण्यासाठी मी एवढं लिहिलं नसतं. लबाड येतच राहणार. मी लबाड नव्हतो, सुशिक्षित होतो, माझ्या हातात पदवी होती आणि तोंडात सूत्र होतं, आणि सहदेवाने औषध सोडलं ते श्वासानंदाच्या शब्दावर नव्हे, माझ्या. म्हणून हात जोडून सांगतो. उद्या तुमच्यासमोर कोणीही, भगव्यातला असो की पांढऱ्या डगल्यातला, एखादा माणूस उभा करून म्हणेल की बघा, बरा झाला. तेव्हा त्याला विचारा की हा बरा झाला नसता, तर या परीक्षेत ते दिसलं असतं का? दिसलं नसतं, तर ती परीक्षाच नव्हे, मग ती काचेची असो की सोन्याची. मी मास्तर आहे. ज्या परीक्षेत कोणी नापासच होत नाही, तिचा पेपर कोणी काढला ते आधी बघावं.

आणि खरं तुम्हाला कळलं, तर ज्याला ते सांगायचं आहे त्याच्याकडे त्याच दिवशी जा. लाज वाटली तरी जा. तुळसाने मला मंगळवारी सांगितलं होतं आणि सहदेव शनिवारी गेला. त्याची चाळ माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.